म्हशींचं कोण बघतंय, हे विचारणारा माणूस

आज दुपारी एका मोठ्या रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असलेल्या दाराला कुलूप होतं. दारासमोर फरशीवर राधानगरी तालुक्यातला एक माणूस मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसलेला. पिशवीत आधार कार्डं, इकोचा रिपोर्ट, रेशनकार्ड. बायकोच्या हृदयाची झडप बदलायची आहे, लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत. “कार्डावर नाव न्हाई म्हनत्यात. तीन दीस झालं, हितनं तितं फिरतोय,” म्हणाला. गरीब रुग्णाच्या पैशांची, कागदपत्रांची आणि घरच्या अडचणींची सोय लावणारा हा माणूस. अधीक्षक रजेवर, बदली कुणी नाही.

डोकं फिरलं. नर्स रजेवर गेली म्हणून वॉर्डाला कुलूप लावता का? भूलतज्ज्ञ आला नाही तर दुसऱ्याला फोन जातो. मग या एकाच खुर्चीला बदली का नाही? कारण हा माणूस उपचारातला नाही, कागदं तपासणारा आहे, असं सगळ्यांनी मनात पक्कं केलंय.

कार्डावर नाव नसणं हा आपल्याकडचा रोजचा घोळ. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरच राहतं. हिचं माहेर निपाणीकडचं, म्हणजे कार्ड कर्नाटकचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आता पांढऱ्या कार्डालाही मिळतात, पण कार्डावर नाव पाहिजे. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इकडे तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवायचं. झडप तोवर थांबत नाही. योजनेच्या काउंटरवर बसलेला आरोग्यमित्र म्हणतो, योजनेत बसत नाही. त्याच्या स्क्रीनपुरतं त्याचं बरोबरही आहे. अधीक्षकाचं काम या वाक्यानंतर सुरू होतं.

पहिलं, तिच्या आधार नंबरवर आयुष्मान भारतची पात्रता शोधायची, आणि शोधताना राज्य कर्नाटक निवडायचं. महाराष्ट्र निवडून ‘नाव नाही’ म्हणून परत पाठवतात, चूक तिथेच होते. आयुष्मान निघालं तर ते दुसऱ्या राज्यातल्या पॅनेलवरच्या रुग्णालयातही चालतं. नाही निघालं तर धर्मादाय रुग्णालय. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालची योजना २००६ पासून आहे. त्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याच दाखल्यावर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही होतो, सोबत खर्चाचं अंदाजपत्रक. तो पैसा रुग्णालयाच्या खात्यात जातो, नातेवाइकाच्या हातात येत नाही. म्हणून अर्ज बिल भरायच्या आधी. लोक दागिने मोडून बिल भरतात आणि मग फॉर्म मागायला येतात.

त्या माणसाला यातलं एकही वाक्य तीन दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. एकही!

आणि पैशांची सोय झाली की संपलं, असं कुणी समजू नये. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी जन्मभर घ्यायची. आयएनआर नावाची रक्ततपासणी नियमित करायची, मायट्रल म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला तो आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळी होऊन झडप अडकते, वर गेला तर रक्तस्राव. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळीसुद्धा घातक ठरू शकते. गावाजवळ ही तपासणी कुठे होते, एसटी किती वाजता, सोबत कोण येणार, याचा कागद डिस्चार्जच्या आधी तयार पाहिजे.

त्याहून अवघड प्रश्न मुलाचा. वॉरफेरिन पोटातल्या बाळाला धोक्याची, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. आणि मनानं बंद केली तर आईला धोका. जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप घेतली तर ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन. हे ऑपरेशनच्या आधी बोलायचं असतं, आणि सासूबाईंना समोर बसवून बोलायचं असतं. नाहीतर वर्षभरात घरात विचारणा सुरू होते आणि मुलगी गुपचूप गोळी सोडते. सर्जनला एवढा वेळ नाही, हे मान्य. म्हणूनच दुसरा माणूस नेमलेला असतो ना?

१८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलनं मेरी स्टुअर्ट यांना नेमलं, ते मुख्यतः फुकट उपचाराला खरा गरजू कोण हे तपासायला. १९०५ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी सामाजिक कार्यकर्ती घेतली ती वेगळ्या कारणानं. घरची परिस्थिती कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे १९४६ साली मुंबईच्या जेजेत हे पद आलं. एवढी वर्षं झाली आणि आपण अजून तपासणीलाच चिकटून आहोत.

‘स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहे’ असं लिहून रुग्ण हलवतात, तेव्हा वॉर्डात म्हणतात, अडाणी लोक. अरे, विचारलंत का काय झालं? कधी पैसे संपलेले असतात. कधी सोबतचा माणूस चार रात्री जिन्यात झोपलेला असतो. आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं असतं. म्हशींचं कोण बघतंय, हा प्रश्न दाखल करतानाच विचारला आणि भावकीतल्या कुणाला फोन लावला, तर असे काही रुग्ण नक्की थांबतात.

काही अधीक्षक खुर्चीतून उठत नाहीत, माहीत आहे. पण जे उठतात त्यांना शेकडो खाटा, वरून योजनांचे अहवाल आणि मंत्र्यांच्या दौऱ्याची तयारी. आपल्या कोल्हापूरच्या सायबर महाविद्यालयातून दरवर्षी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी झालेली मुलं-मुली बाहेर पडतात. वॉर्डात फील्डवर्क केलेली, नातेवाइकाशी कसं बोलायचं हे शिकलेली. ती कंपन्यांत नोकऱ्या शोधतात आणि इथे दाराला कुलूप.

तो माणूस उद्या पहाटे निपाणीला निघालाय. राज्य कोणतं निवडायचं ते त्याच्याच पिशवीवर पेनानं लिहून दिलंय. म्हशींचं विचारलं, तर म्हणाला, शेजारी बघतोय, पण परवापासून त्याचा ऊस तुटणार आहे.