फ्रीजचा प्लग काढल्याने गॅस भरत नाही

सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘फ्रीज थंड करत नसेल तर मेकॅनिकला पैसे देऊ नका. प्लग काढा, लगेच परत लावा. फ्रीज रिसेट होतो, गॅस जागेवर येतो. रोज रात्री बंद ठेवलात तर बिल निम्मं येतं.’ यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्यांनी नुकसानच होईल.

आधी ते अर्धं खरं. इन्व्हर्टर किंवा डिस्प्लेवाल्या फ्रीजमध्ये कंट्रोल बोर्ड असतो. विजेच्या कडकडाटात किंवा व्होल्टेज वरखाली झाल्यावर तो कधीकधी अडकतो. प्लग काढून पाच-दहा मिनिटं थांबलं की बोर्डातला उरलासुरला करंट जातो आणि तो नव्याने सुरू होतो. पण आपल्याकडे घरोघरी असलेल्या साध्या एका दाराच्या फ्रीजमध्ये बहुतेक वेळा असा बोर्डच नसतो. थंडावा ठरवणारा थर्मोस्टॅट, मोटर सुरू करून देणारा रिले आणि करंट जास्त झाला की तोडणारा ओव्हरलोड एवढाच कारभार. तिथे रिसेट व्हायला काही नाही. थर्मोस्टॅटच्या मधलं बटण बर्फ वितळवण्यासाठी असतं, बिघाड काढण्यासाठी नाही.

‘लगेच परत लावा’ हे तर चक्क धोक्याचं. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारी मोटर, बंद झाल्यावर तिच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी साधा कॉम्प्रेसर सुरू केला तर तो दाबाविरुद्ध फिरू शकत नाही. मागून ‘घूंऽ’ आवाज येतो, मग ‘टक्’, थोड्या वेळाने पुन्हा तेच. तो ‘टक्’ म्हणजे ओव्हरलोडने करंट तोडल्याचा आवाज. हे वारंवार झालं तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, जळतं. जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळ्यात लाईट कितीतरी वेळा जाते-येते, म्हणजे प्लग काढून लावल्यासारखंच. त्याने तिथला एकही बिघाड आपोआप दुरुस्त होत नाही. उलट तिथे उशिरा चालू होणारा, टाइम डिलेवाला स्टॅबिलायझर लावणं जास्त कामाचं.

गॅसचं म्हणाल तर तो बंद नळीत फिरत असतो. संपत नाही, जागा सोडत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. गळती शोधून, सांधून, व्हॅक्यूम करून गॅस भरावा लागतो. नव्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेटणारा. म्हणून हे काम जाणकाराचंच.

‘पण आमच्याकडे प्लग काढला आणि फ्रीज चालला की!’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. मात्र बंद ठेवल्यावर तो का चालला, हे समजून घ्यायला हवं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड थंडावा देणारी कॉइल असते. तिच्यावरचा बर्फ एक हीटर ठरावीक वेळाने वितळवतो. तो हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की बर्फ साचत जातो, हवेच्या फटी बुजतात. मग वर फ्रीजरमध्ये थंड आणि खाली दूध नासतं. पावसाळ्यात दाराचं रबर सैल असेल तर दमट हवेने हे आणखी लवकर होतं. एक रात्र दार उघडं ठेवून फ्रीज बंद केला की बर्फ वितळतो, फटी मोकळ्या होतात, फ्रीज छान चालतो. आणि काही दिवसांत पुन्हा तेच, कारण हीटर अजून बंदच आहे. मेकॅनिकला हे नक्की सांगा: बंद ठेवल्यावर चालला, किती दिवस चालला, खालचा खण आधी गरम झाला का. निम्मं निदान त्यातच होतं.

बिलाचं लवकर आटपतो. स्टार लेबलवाला एका दाराचा फ्रीज वर्षाला साधारण 100 ते 200 युनिट घेतो, म्हणजे दिवसाला साधारण पाव ते अर्धा युनिट. रात्री वाचलेलं बरंचसं सकाळी सगळं पुन्हा थंड करण्यात जातं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत ज्यांचं बिल शून्य येतं त्यांचा तर यात एक पैसाही वाचत नाही.

आणि रात्रभर बंद फ्रीजमधल्या दुधाचं, मासळीचं काय? दार न उघडता आतला थंडावा साधारण चार तास टिकतो, रात्र त्याहून मोठी असते. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहावं लागतं. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी फ्रीज रात्री मुळीच बंद करू नये, आणि बिघडलाच तर आधी इन्सुलिन शेजाऱ्यांच्या चालू फ्रीजमध्ये खालच्या खणात ठेवून मग मेकॅनिकला फोन करावा.