चंद्राचा सर्व्हे

गेली २२ वर्षे मी विम्याच्या क्लेमसाठी अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करणारा सर्व्हेअर आहे. चेपलेल्या पत्र्यावरून धडक कुठून आणि किती जोरात बसली असेल हे सांगणे, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. “उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं हो,” असे डोळ्यांत पाणी आणून सांगणाऱ्या गृहस्थांच्या बंपरवरून त्यांच्याच सोसायटीच्या फाटकाचा हिरवा ऑइलपेंट मी नखाने खरवडून काढलेला आहे. त्यामुळे नुकसान पाहून नुकसान करणाऱ्याची ताकद ओळखण्याची विद्या आपल्याला अवगत आहे, अशा भ्रमात मी होतो. दिवाळीच्या सुट्टीत राहायला आलेल्या भाच्याने तो चार दिवसांत उतरवला.

चिन्मय नववीत आहे. पहिल्याच सकाळी त्याने ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेचा एक भाग माझ्या चहाच्या कपाशेजारी उघडून ठेवला आणि विचारले, “मामा, ज्याने भिंतीला भगदाड पाडलं, त्याच्या बुक्कीत जोर किती?” मी म्हणालो, “भिंत आधीच ओल धरून असेल.” त्याला हे पटले नाही. त्याच्या वहीत हिशोब तयार होता. एम-२० दर्जाचे काँक्रीट चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसते, म्हणजे त्याचा चुरा करायला घनसेंटिमीटरमागे २० ज्यूल ऊर्जा. भगदाड १ मीटर व्यासाचे, भिंत १५ सेंटिमीटर जाडीची. एकूण साधारण २३ लाख ज्यूल. भिंतीची जाडी कुठून आणली, असे विचारल्यावर उत्तर आले, “फूटपट्टीने. त्या माणसाची उंची धरून मोजली.”

इथे माझ्यातला सर्व्हेअर जागा झाला. हजार किलोची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने आली, तरी तिच्यात १ लाख ४० हजार ज्यूलच्या आसपासच ऊर्जा असते. म्हणजे चिन्मयच्या हिशोबाने ते भगदाड पाडायला एकामागून एक सोळा-सतरा मोटारी लागायला हव्यात. प्रत्यक्षात एकाच मोटारीने कुंपणाची अख्खी भिंत आडवी केलेली मी पाहिलेली आहे, कारण भिंतीचा प्रत्येक कण कुटून त्याचे पीठ करावे लागत नाही. ती तडकते आणि उरलेले काम स्वतःच्या वजनाने स्वतःच उरकते. “म्हणजे तुझ्या माणसाची ताकद मी सतरापटीने कमी करतो,” असे मी जाहीर केले. क्लेम कापल्यावर गाडीमालकांचा जो चेहरा होतो, तो मी प्रथमच घरात पाहिला.

दुपारी त्याने हुकमी पान काढले. कथेतले मास्टर रोशी नावाचे दाढीवाले वृद्ध गृहस्थ, पौर्णिमेच्या चंद्रामुळे प्रतिस्पर्धी मुलाचे महाकाय माकड झालेले पाहून, हातांतून झोत सोडून चंद्रच फोडतात. चंद्राचे तुकडे पुन्हा एकत्र येणार नाहीत असे उधळायचे, तर १२ वर २८ शून्ये इतके ज्यूल लागतात. सूर्य सगळ्या दिशांना मिळून पाच-साडेपाच मिनिटांत जेवढी ऊर्जा टाकतो, तेवढे. हा आकडा खरा आहे, मी स्वतः पडताळला. मात्र त्यानंतर त्याच सामन्यात हे गृहस्थ आणि तो मुलगा एकमेकांना एकेक लाथ मारतात आणि दोघेही आडवे होतात. चंद्र फोडणारा माणूस लाथेने पडतो, तेव्हा मला फाटकाचा हिरवा रंग आठवतो.

त्यातही पुढे देवाच्या कृपेने चंद्र पूर्ववत होतो आणि पिकोलो नावाचे दुसरे पात्र तो पुन्हा फोडते. एकाच वस्तूचा दुसरा क्लेम आला की आम्ही पहिल्या दुरुस्तीची बिले मागतो. आणि दहा वर्षांपेक्षा जुन्या धातूच्या भागावर मोटार विम्यात ५० टक्के घसारा लागतो. चंद्र तर ४५० कोटी वर्षांचा आहे.

“मग फर्मीचं काय?” चिन्मय चिडून म्हणाला. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुचाचणीच्या वेळी शास्त्रज्ञ फर्मी यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले, धक्क्याने ते किती लांब उडाले ते पाहिले आणि स्फोट टीएनटी या स्फोटकाच्या १० हजार टनांएवढा असल्याचा अंदाज केला. प्रत्यक्षात तो याच्या दुपटीच्या घरात होता. मुद्दा बिनतोड होता. परंतु फर्मींचे कपटे त्यांच्या हातात होते, कोणी चित्रकाराने काढलेले नव्हते, असे म्हणून मी कशीबशी इभ्रत राखली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी खाली गेलो, तर माझ्या गाडीचा डावा टेललॅम्प फुटलेला आणि चिन्मयच्या सायकलच्या हँडलला लाल प्लॅस्टिकची कपची अडकलेली. चंद्राचे ज्यूल मोजणारा मुलगा खाली मान घालून म्हणाला, “मामा, अगदी हलकासा लागला रे. आधीच तडा असेल.”

मी टॉर्च लावून तडा शोधू लागलो. तो नव्हता. नवा लॅम्प साडेतीन हजारांचा होता आणि क्लेम केला तर नो क्लेम बोनस जाणार होता, म्हणून भरपाई त्याच्या भाऊबीजेच्या पाकिटातून वळती करण्याचा निर्णय मी दिला. त्यावर त्याने क्षणभर विचार केला.

“प्लॅस्टिक आहे ना, मामा? मग ५० टक्के घसारा धर.”