कोकणातल्या खुनाचा तपास मासेवालीने करावा

समुद्रकाठच्या गावात खून होतो आणि पोलिसांच्या आधी गावातलीच एखादी बाई खुन्यापर्यंत पोचते. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचा नुसता पूर आहे. मराठीत शोधायला गेलं तर माझ्या हाती फारसं काही लागत नाही. एवढा मोठा किनारा आपल्या दाराशी असताना! याची मला मनापासून हळहळ वाटते.

अगाथा ख्रिस्तीचा जन्मच टॉर्कीचा, म्हणजे डेव्हनच्या किनाऱ्यावरचा. तिच्या 'द बॉडी इन द लायब्ररी'मध्ये (१९४२) मिस मार्पल ही खुनाचे तपास लावणारी म्हातारी आपलं खेडं सोडून डेनमाउथ नावाच्या किनारी गावातल्या हॉटेलात मुक्काम ठोकते. पोलीस जबाबांचा आणि वेळांचा मेळ घालत असतात. म्हातारीचं लक्ष जातं प्रेताच्या कुरतडलेल्या नखांकडे आणि अंगावरच्या जुन्या झग्याकडे. (पुढचं सांगत नाही, वाचाच.) तिच्याकडे ना पिस्तूल ना प्रयोगशाळा. जन्मभर माणसं न्याहाळली, तेवढंच भांडवल.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, धनंजय, काळापहाड हे रहस्यकथांचे नायक घराघरांत नेले. ते ऋण मोठंच आहे. पण ते पडले धाडसी गडी. आणि कोकण म्हटलं की आपल्या लेखकांना आधी भुतं आठवतात, पडका वाडा आठवतो. समुद्र मागे नुसता गाजत राहतो. मला तो समुद्र पुरावा म्हणून हवा आहे.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचं गणित तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. आता समजा, संशयित म्हणाला, "अमावास्येला संध्याकाळी साडेपाचला मी खाडीतून होडी बाहेर काढली." बदलीवर आलेला इन्स्पेक्टर हे निमूट लिहून घेईल. माशांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी मावशी मात्र तिथेच अडेल. सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचला पुरी सुकती, ओहोटी. त्यात उधाणाचे दिवस, पाणी पार आत ओढलेलं. खाडीत गुडघाभर चिखल असताना याने होडी काढली कशी?

ही मावशीच माझी डिटेक्टिव्ह. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुठे नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे, सगळं तिला पाटी उतरवता उतरवता कळतं. एरवी मांदेली उधारीवर नेणारं घर अचानक रोखीने पापलेट घ्यायला लागलं, तर ते सगळ्यात आधी तिच्याच डोळ्यांत येणार. आणि काळ हवा तर १ जून ते ३१ जुलैचा. यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, होड्या शाकारून किनाऱ्यावर, परगावचे खलाशी आपापल्या घरी गेलेले. गावात उरतात ती एकमेकांना पुरती ओळखणारी माणसं, आणि खुनी त्यांच्यातलाच!

अशा कादंबऱ्यांना हलकंफुलकं वाचन म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. एक तिथी चुकली तर अख्खा तपास कोसळेल. दोन दिवस होमस्टेला राहून हे लिहिता येणार नाही. हर्णै, वेंगुर्ला, सातपाटी अशा बंदरांत वाढलेल्या माणसानेच ते लिहायला हवं. तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, नुसता विचार करत असेल, तरी मला इनबॉक्स करा. कच्चा खर्डासुद्धा चालेल. मी शेवटच्या पानापर्यंत वाचेन आणि मोकळेपणाने सांगेन.