केरेन्सिया म्हणजे नुसती ‘आवडती जागा’ नव्हे
एका लेखात स्पॅनिश ‘केरेन्सिया’ या शब्दाचा अर्थ ‘आवडती जागा’ एवढाच दिलाय, तो फार तोकडा वाटला. ‘केरेर’ म्हणजे हवं असणं, प्रेम करणं. त्यावरून हा शब्द आला. गुरं जिथे वाढली तिथेच परत वळतात, ती ओढ म्हणजे केरेन्सिया, आणि ती जागासुद्धा. झुंजीच्या रिंगणात बैल पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जाऊन उभा राहतो, बऱ्याचदा ज्या दारातून आत आला त्याच्याजवळ. तिथे त्याला सुरक्षित वाटतं, म्हणूनच तिथून त्याला हलवणं तोरेरोला, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्या माणसाला, सर्वात अवघड आणि धोक्याचं. माणसाच्या बाबतीत हाच शब्द घराची, गावाची माया सांगतो. आपल्याकडे दोरीला ओढ असते तशी माहेरचीही असते. मग भाषांतरात ‘ओढ’ का नको?