ऐनाची कवळ आणि न्यू फॉरेस्टमधलं बीचचं झाड

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चाललाय: डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करायची का? मुंबईकर म्हणतात, कराच. गावात राहणारे म्हणतात, मग राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (पानांसकट तोडलेल्या फांद्या) आणायची कुठून?

मी राहतो इंग्लंडमध्ये, साउदॅम्प्टनला. जवळच न्यू फॉरेस्ट आहे, १०७९ च्या सुमारास विल्यम राजाने शिकारीसाठी राखलेलं. तिथलं बीचचं एक जुनं झाड पहिल्यांदा पाहिलं आणि थबकलोच. खोड माणसाच्या उंचीवर तुटलेलं, तिथूनच जाडजूड फांद्या वर गेलेल्या. हुबेहूब आमच्या वरकशीतला (डोंगरउतारावरच्या जमिनीतला) ऐन! बाबा कवळ तोडायला चढायचे, शेंडा तेवढा राखायचे. इथेही माणसं सरपणासाठी अशीच छाटणी करत. १६९८ च्या कायद्याने ती बंद झाली, म्हणून अशी बहुतेक झाडं तीनशे वर्षांपलीकडची मानतात.

पुढे १८५१ मध्ये हरणं हटवण्याचा कायदा आला. हजारो हरणं मारली गेली. त्यानंतरच्या दशकांत ओक, बीच, हॉलीची इतकी रोपं तगली की अभ्यासकांना त्या वयाच्या झाडांची वेगळी पिढीच ओळखता येते. कायदा कागदावर होता, उगवला जंगलात.

म्हणून मला आपल्याकडचं 'बंदी घाला, जंगल आपोआप वाढेल' हे पटत नाही. बंदीतूनही एक ठरावीक जंगल घडतं. चराई थांबली की गवत कमरेएवढं वाढतं, वाळतं, आणि एका ठिणगीने वणवा सगळी रोपं नेतो. उलट, मोकाट चराईने कोवळं रोप टिकत नाही, हेही तितकंच खरं; न्यू फॉरेस्टमध्ये घोड्यांच्या संख्येवरून आजही वाद होतात. पण ते वाद व्हर्डरर्सच्या, म्हणजे तिथल्या चराईचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, खुल्या सभेत मांडता येतात, आणि दहापैकी पाच व्हर्डरर निवडून आलेले असतात.

हे काही साहेबांकडूनच शिकायला हवं असं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बांबू किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवते.

माझं म्हणणं एवढंच: डोंगराची एक बाजू पाच वर्षं गुरांना बंद ठेवा, दुसरी मोकळी. कवळीसाठी ऐन, किंजळ आलटून पालटून घ्या. कुठली बाजू आधी, हे गुराख्यांना विचारा. मुंबईकरांचं आणि माझं मत त्यानंतर.