सावलीचं उत्पन्न शून्य

कर्नाटकातल्या कोडगूच्या कॉफीवाल्यांकडे बघून गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या भाटकारांनाही (जमीनदारांनाही) आपलं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, ‘शास्त्रशुद्ध’ करावंसं वाटत असेल, तर आधी हिशोबाची वही काढा. उभ्या किंदळीच्या झाडासमोर शून्य लिहा. ती आडवी झाली की घनमीटरचा भाव मांडा. अर्थशास्त्र इथंच संपलं, पुढची सगळी अंमलबजावणी.

पहिला धडा कोडगूचाच. तिथं रानझाड तोडायला परवानगी लागते, ऑस्ट्रेलियातून आलेल्या सिल्व्हर ओकला नाही. तो सरळसोट, भराभर वाढणारा, वर मिरीचा वेल चढवायला सोयीचा. म्हणजे फणस नि नांद्रुक जपणाऱ्याला हेलपाटे आणि ओक लावणाऱ्याला मोकळीक. कायदाच एवढा खुणावतोय, तर आपण कशाला लाजायचं?

मग अरेबिका जातीच्या कॉफीवरची सावली विरळ करा. पहिली काही वर्षं फळ दाटून येतं. बँकेला तीच दाखवा. उन्हात तापलेल्या खोडाच्या भेगांत खोडकिड्याची मादी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात अंडी घालते, अळी आतून खोड पोखरते, आणि झुडूप मुळासकट उपटून जाळावं लागतं. घाबरू नका. ऊन सोसणारी रोबस्टा जात लावा. तिच्या फुलोऱ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये तुषार सिंचन हवं, पण पाण्याचं नंतर बघू.

सावलीतल्या कॉफीला जास्त भाव मिळतो, असंही कानावर येईल. उत्तमच! अजून शाबूत असलेल्या रानात शिरा, मोठी झाडं ठेवा, खालची रोपं-झुडपं साफ करा नि कॉफी लावा. उपग्रहाला वरून जंगलच दिसेल. म्हातारी झाडं पडल्यावर त्यांची जागा घ्यायला खाली एकही रोप नसेल, पण तोवर ‘सावलीतली कॉफी’ या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असेल.

आता आपला गोवा. जमीन खासगी जंगल ठरली की तोडीवर बंधनं; पण तसं ठरायला सलग 5 हेक्टर, 0.4 छत्रघनता (40 टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली) आणि 75 टक्के वनजाती लागतात. तिन्ही एकत्र हव्यात, त्यामुळे एकच मोडली तरी भागतं. अर्ज, शुल्क वगैरे वकील सांगेल. (2016 मध्ये सरकारने माडालाच झाडांच्या यादीतून काढलं होतं. ओरड झाली म्हणून तो पुन्हा झाड झाला. प्रयत्न मात्र वाखाणण्याजोगा.)

डोंगरमाथा बोडका केला की पाऊस जमिनीत न मुरता वरून धावतो, नि ज्या झरीचं पाणी पाटाने पोफळींना मिळायचं ती फेब्रुवारीतच आटते. शेजारची झाडं गेल्याने पोफळींच्या खोडांवर नैर्ऋत्येकडून ऊन पडतं. खोड पिवळं, मग तपकिरी होऊन तडकतं आणि एखाद्या वाऱ्यात मोडतं. औषध समजून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फासू नका. ते सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगावरचं आहे, उन्हावरचं नाही.

एवढं झालं की टँकर मागवा. टँकर परवडेनासा झाला की प्लॉट पाडा. पिकापेक्षा त्यातच जास्त पैसा. गिऱ्हाईक ‘पाणी आहे ना?’ विचारतंच, तेव्हा सौदे जुलै-ऑगस्टमध्येच उरका. झर वाहताना दाखवता येते.