गोवरच्या लसीने मूल स्वमग्न होत नाही

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "गोवर-रुबेलाची लस टोचली की मूल ऑटिस्टिक (स्वमग्न) होतं, डोस देऊ नका." हे साफ खोटं आहे.

या अफवेचं मूळ १९९८ सालचं. ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवरून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून संशय पेरला. पुढे लबाडी उघड झाली. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीही गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची नोंद तपासली, त्यातही लसीचा संबंध आढळला नाही.

मग शंका का येते? दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, आणि हाकेला न बघणं, बोलणं मागे पडणं हेही घरच्यांच्या ध्यानात साधारण तेव्हाच येतं.

माझा सहा वर्षांचा भाचा स्वमग्न आहे. बाटल्यांची झाकणं रंगाप्रमाणे फरशीच्या रेघेवर मांडतो. एक जरी हललं तरी त्याला कळतं. गणपतीत ढोल वाजला की कान घट्ट दाबून ओट्याखाली जाऊन बसतो. "आईने लाड केले, मोबाईल दिला," असं लोक तोंडावर म्हणतात. बहिणीने त्यापायी किती रात्री जागून काढल्या, ते मी पाहिलंय. तिचा काही दोष नाही. स्वमग्न मुलाच्या मेंदूची जडणघडणच वेगळी असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा.

गोवराने मात्र न्यूमोनिया होऊ शकतो, क्वचित मेंदूला सूजही येते. डोस चुकला असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन देऊन घ्या.